पंतोजी, पालक आणि शाळेचा उंबरठा

दुर्गहून नागपूरच्या दिशेने निघालेली गाडी शिवनाथ नदी ओलांडते आणि थोड्याच वेळात रसमडा नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. भिलाई-दुर्ग परिसरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी हे नाव खिडकीतून वाचले असेल, आणि घरी जाण्याच्या ओढीत लगेच विसरलेही असेल. धानाची खाचरे आणि कारखान्यांची धुराडी यांच्या मध्ये वसलेली अशी गावे या भागात पुष्कळ आहेत. तेथील प्राथमिक शाळेच्या गुरुजींना रोज सकाळी हजेरी घेताना एका जुन्याच प्रश्नाला सामोरे जावे लागते. अमुक मूल आज का आले नाही, आणि त्याच्या बापाला जाऊन काय सांगायचे? निंदणीचे दिवस असले तर उत्तर एक असते, कापणीचे असले तर दुसरे. बाप कारखान्यात पाळीवर असला तर तिसरे. प्रश्न मात्र तोच राहतो.

शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा संस्थांच्या आणि कायद्यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. शाळा कोणी काढली, अनुदान किती मिळाले, कोणत्या साली कोणता अहवाल आला, याची माहिती सहज मिळते. परंतु शिक्षक आणि पालक शाळेच्या उंबरठ्यावर समोरासमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्यात काय घडले, कोण वाकले, कोण अडून बसले, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः शाळा टिकणे वा मोडणे हे पुष्कळदा तेथेच ठरले आहे. महाराष्ट्रातील आणि आपण सांप्रत जेथे राहतो त्या छत्तीसगडातील काही प्रसंग या दृष्टीने पाहिले, तर 'अवघड पालक' म्हणून ज्याला आपण नावे ठेवतो त्याचे चित्र बरेच बदलते.

इंग्रजी अंमलापूर्वीची, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे चाललेली, गावची शाळा म्हणजे देवळाची ओसरी, एखाद्या सावकाराचा सोपा किंवा खुद्द पंतोजींचे घर. धूळपाटी, बोरू, मोडी अक्षर, उजळणी, पावकी-निमकी आणि व्यवहारी हिशेब एवढा तिचा अभ्यासक्रम. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना या शाळांची माहिती गोळा करण्यास आरंभ झाला. १८२९च्या सुमारास मुंबई इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजार विद्यार्थी असल्याची नोंद झाली. त्यांतील बहुतेक शाळा सरकारी मदतीवाचून, केवळ पालकांच्या बळावर चालत होत्या.

याचा अर्थ असा की पंतोजींचा धनी पालक हाच होता. कोणी दरमहा पैसे देई, कोणी धान्य घाली, कोणी सणावारी शिधा किंवा वस्त्र देई. मुलाने काय शिकावे हे बापाच्या धंद्यावरून ठरे. वाण्याच्या मुलाला हिशेब हवा, कुळकर्ण्याच्या मुलाला मोडी दप्तर वाचता आले पाहिजे. मुलगा मागे पडला तर दोष पंतोजींचा, आणि छडी कमी पडली तर तोही पंतोजींचाच. पंतोजींच्या मारकुटेपणाच्या कथा आपण हसत हसत सांगतो. परंतु तो मार पुष्कळ अंशी पालकांच्या मागणीवरून दिला जात होता, हे विसरतो. ज्याच्या पायलीवर चूल पेटते, त्याला 'तुमच्या मुलाला मारून काही साधणार नाही' असे सांगण्याचे धैर्य किती जणांना झाले असते?

तथापि या व्यवस्थेत एक सोय होती. जो पालक मुलाला पाठवीत नसे त्याच्याशी पंतोजींचे काहीच देणे-घेणे नसे. शाळेत न येणाऱ्या मुलाचा बाप त्यांच्या हिशेबातच नव्हता, आणि मुलगी किंवा अस्पृश्य मानलेल्या जातीचे मूल तर मुळीच नव्हते. शाळा सर्वांसाठी आहे, असे ज्या दिवशी कोणी म्हटले, त्या दिवसापासून शिक्षकाच्या वाट्याला नवे, न मागितलेले पालक आले.

तो दिवस १८४८ साली पुण्यात उजाडला. बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यांना आडवा आलेला पहिला पालक कोणा विद्यार्थिनीचा बाप नव्हता; तो त्यांच्याच घरात होता. जातीच्या आणि समाजाच्या दडपणाखाली जोतीरावांचे वडील गोविंदराव यांनी १८४९ मध्ये मुलाला आणि सुनेला घर सोडायला सांगितले. गोविंदरावांना दुष्ट ठरविणे सोपे आहे. परंतु ज्या वस्तीत आयुष्य काढायचे, ज्या जातीत लग्नकार्ये व्हायची, तिने वाळीत टाकण्याची भीती घातली असता वडीलधाऱ्या माणसाने काय केले असते, याचा विचार केला म्हणजे पालकाच्या विरोधामागचे मूळ दिसू लागते. ते मूळ बहुधा भीती हे असते, आणि ती भीती पुष्कळदा खरी असते.

सावित्रीबाई शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या बदलायला दुसरे लुगडे बरोबर नेत, ही आठवण सर्वश्रुत आहे. ती सांगताना आपण त्यांच्या सहनशीलतेचे गुणगान करतो आणि तेथेच थांबतो. त्यात शिक्षकाचे एक व्यवहारज्ञानही आहे. अपमान होणार हे गृहीत धरून त्यांनी त्याची तजवीज केली आणि वर्ग वेळेवर सुरू ठेवला. रस्त्यावर भांडत बसल्या असत्या तर शेण टाकणाऱ्यांचा हेतू सिद्धीस गेला असता.

पहिली शाळा फार काळ टिकली नाही. १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात काम पुन्हा उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी महार-मांग मुलांसाठीही शाळा निघाली. या शाळांच्या परीक्षा १८५२ आणि १८५३ मध्ये उघड्यावर, लोकांदेखत घेण्यात आल्या, आणि त्या पाहण्यास पुण्यात मोठी गर्दी लोटली. मुली शिकल्या तर काय होईल, याविषयी ज्यांच्या मनात नाना शंका होत्या, त्यांना वाद घालून पटविण्याऐवजी या शिक्षकांनी मुलींनाच त्यांच्यासमोर उभे केले. पुढे १८५५ मध्ये मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या जातीच्या दुःखाविषयी एका शाळकरी मुलीने लिहावे, यापेक्षा शाळेची आणखी कोणती साक्ष द्यायची?

घरच्या माणसांशी बोलण्याची सावित्रीबाईंची रीत १८५६ सालच्या एका पत्रात दिसते. त्या आजारपणामुळे माहेरी नायगावला राहिल्या होत्या. भावाने त्यांना आणि जोतीरावांना दूषणे दिली. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही कुळाला बट्टा लावता, असा त्याचा रोख होता. सावित्रीबाईंनी जोतीरावांना कळविले आहे की, त्यांनी भावाचे म्हणणे ऐकून घेतले, त्याला युक्तिवादाने उत्तर दिले, आणि ते ऐकून आईचे मन पालटले. ही भेट मोठी बोधप्रद आहे. सावित्रीबाईंनी नाते तोडले नाही, स्वरही चढविला नाही. मात्र मुद्द्यावरून त्या तसूभरही सरकल्या नाहीत.

येथपर्यंत शिक्षकाच्या अंगच्या गुणांचा विचार झाला. परंतु केवळ गुणांवर हजारो शाळा चालत नाहीत, हे जोतीरावांइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच कळले असेल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षकाच्या स्थितीचे नेमके वर्णन आहे. शिक्षकांचे वेतन क्वचितच १० रुपयांच्या वर जाते आणि त्यांची तयारीही बेताची असते, असे त्यांनी नमूद केले. वेतन १२ रुपयांहून कमी असू नये, मोठ्या गावांत ते १५ ते २० रुपये असावे, अशी त्यांची मागणी होती. शेतकरी वर्गातून, प्रसंगी नांगर धरू शकतील असे शिक्षक तयार करावेत, आणि किमान १२ वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, असेही त्यांनी म्हटले.

या निवेदनातील आणखी एका सूचनेकडे फारसे लक्ष जात नाही. शिक्षकाला गावच्या कारभारात स्थान द्यावे. हिशेब तपासणे, दस्त नोंदविणे, टपालाचे काम पाहणे किंवा स्टॅम्प विकणे अशी कामे त्याच्याकडे सोपवावीत, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, असे जोतीरावांना वाटत होते. पालक शिक्षकाचे का ऐकत नाही, याचे एक सरळ कारण त्यांनी ओळखले होते. ज्याची मिळकत गड्याच्या मिळकतीहून फारशी वेगळी नाही आणि ज्याच्यावाचून गावाचे कोणतेही काम अडत नाही, त्याच्या उपदेशाला पाटील किंवा कुणबी किती किंमत देणार?

सक्तीची मागणी पुढे प्रत्यक्षात उतरली ती प्रथम संस्थानांत. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले; मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. गोखले स्वतः शिक्षक होते, त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालत असे, आणि त्यांच्या विधेयकात शिक्षकाची नजर दिसते. ज्या पालकाची मासिक प्राप्ती १० रुपयांहून अधिक नाही त्याच्याकडून फी घेऊ नये, अशी तरतूद त्यात होती. गैरहजेरीची सबळ कारणे म्हणून आजारपणाबरोबर घरची निकड आणि शेतीच्या हंगामाची गरज यांचाही त्यात उल्लेख होता. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पुढे प्रांतोप्रांती कायदे झाले. आजचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रांतात मोडत होता, तेथे १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला आणि स्थानिक संस्थांना सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला.

या सक्तीमागचा हेतू उदात्त होता यात शंका नाही. कोल्हापूरच्या एक रुपया दंडामागे बहुजन समाजाच्या मुलांविषयीची तळमळ होती. तथापि शाळेच्या उंबरठ्यावरून पाहिले असता सक्तीने एक नवी अडचण निर्माण केली. दंड कोणावर बसवायचा हे हजेरीपटावरून ठरणार, आणि हजेरीपट शिक्षकाच्या हाती. म्हणजे कालपर्यंत 'पोराला पाठवा हो' अशी विनवणी करणारे गुरुजी आज सरकारचे साक्षीदार झाले. ज्याच्या घरी एक बैलजोडी आणि चार तोंडे, त्याला मुलगा गुरे राखायला नसण्याचा तोटा एका रुपयाहून जड वाटला असेल, किंवा तो एक रुपयाही परवडला नसेल. दोन्हीकडून गुरुजींविषयी अढी बसायचीच. गोखल्यांनी हंगामाच्या गरजेची नोंद केली, ती या खाचखळग्याची जाणीव होती म्हणूनच, असे म्हणता येईल.

दंडाने जे सहज साधत नव्हते, ते दुसऱ्या वाटेने साधण्याचा प्रयत्न दोन मराठी शिक्षिकांनी केला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. या मंडळींनी एक गोष्ट आरंभीच ओळखली होती. मुलाला शिकवायचे तर आईबापांशीही बोलले पाहिजे, आणि तेही दरडावून नव्हे. 'शिक्षणपत्रिका' चालविण्यामागे पालकांपर्यंत पोचण्याचाच हेतू होता. परंतु शहरातील सुशिक्षित आईबापांसाठी लिहिणे वेगळे, आणि ज्यांच्या घरात अक्षराचा स्पर्श नाही अशांच्या अंगणात जाणे वेगळे. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या अनुताई शिकून शिक्षिका झालेल्या होत्या. १९५७च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या मध्यभागी गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे.

वारली आईबाप मुलांना शाळेत धाडीत नसत. शिक्षणाची त्यांना किंमत नाही, असे म्हणून मोकळे होणे सहज शक्य होते; पुष्कळांनी ते म्हटलेही असेल. अनुताई आणि ताराबाई यांनी मूल दिवसभर काय करते हे पाहिले. मुलगा गुरांमागे रानात असे. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळी, कारण आई मजुरीला गेलेली. मूल शाळेत येणे याचा अर्थ घरातील एक कमावता किंवा राबता हात कमी होणे, हा हिशेब आईबापांनी मनाशी केलेला होता, आणि तो चुकीचा नव्हता.

म्हणून त्यांनी शाळाच हलविली. वस्तीच्या अंगणात वर्ग भरू लागला, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी चराईच्या जागी शिकविण्याची सोय झाली, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली, म्हणजे भावंडाला घेऊन आलेल्या मुलीला परत जावे लागू नये. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे यांपासून शिक्षिकांचा दिवस सुरू होई. यात भावनेचा उमाळा कमी आणि निरीक्षण अधिक होते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७५ मध्ये केंद्र सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले. रसमड्यासारख्या छत्तीसगडी गावांतही हा शब्द आज घराघरांत बोलला जातो.

छत्तीसगडचा आणि मराठी शिक्षकाचा संबंध मात्र याहून जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी घराणी येथे आली. त्यांच्यापैकी अनेकांनी कारकुनीबरोबर शाळामास्तरकी केली. या परंपरेतील थोर नाव माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांचे. घरची भाषा मराठी, शिक्षण बिलासपूर-रायपूरला झालेले. पेंड्रा येथे ते राजकुमाराचे शिक्षक होते, आणि तेथूनच जानेवारी १९०० मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. पुढे 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' या मराठी ग्रंथांचे हिंदी भाषांतर त्यांनीच केले. ज्या प्रदेशातील लोकांची मुले शिकवायची, त्या प्रदेशाची भाषा आपली मानली पाहिजे, हे त्यांनी बोलून नव्हे तर करून दाखविले. परप्रांतात राहणाऱ्या शिक्षकाने पालकाशी पहिला पूल बांधायचा तो भाषेचा.

१९५५च्या करारानंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली, वसाहत वसली, वसाहतीच्या शाळा निघाल्या. तेथील पालक मुलाला शाळेत पाठविण्यास कधीच नाखूश नव्हता. उलट त्याची सारी आशा शाळेवर होती. दुर्ग-भिलाईच्या भोवतालच्या खेड्यांत मात्र जुना प्रश्न कायम होता. अवघ्या काही मैलांच्या अंतरावर शिक्षकासमोर दोन निरनिराळे अवघड पालक उभे राहिले. एक मुलाला शाळेतून ओढून नेणारा, दुसरा मुलाला शाळेत ढकलून शिक्षकाच्या मानेवर बसणारा.

खेड्यांच्या बाबतीत एक उल्लेखनीय प्रयोग याच भागात झाला. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होते. १९९७ मध्ये तेथील सरकारने शिक्षण हमी योजना आणली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तेथील आईबापांनी मुलांची यादी करून शाळा मागावी. आदिवासी भागात २५ आणि अन्यत्र ४० मुले असली तर ९० दिवसांत शाळा द्यावी, असा तिचा नियम होता. शिकविणारी व्यक्ती शक्यतो त्याच वस्तीतील असे, आणि तिला 'गुरुजी' असेच म्हणत. मानधन तुटपुंजे होते. पक्क्या शिक्षकाच्या जागी स्वस्तातला माणूस बसविला, ही टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. जोतीरावांनी १८८२ मध्ये वेतनाविषयी जे सांगितले ते शतकानंतरही कोणी पुरते ऐकले नव्हते. पण या योजनेत एक गोष्ट उलटी झाली होती. शाळेने पालकाला बोलाविण्याऐवजी पालकाने शाळेला बोलाविले. जो स्वतः सही करून किंवा अंगठा उठवून शाळा मागतो, त्याला गैरहजेरीविषयी विचारणे गुरुजींना पुष्कळ सोपे जाते.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. त्याने मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले, परंतु त्या कर्तव्याच्या भंगासाठी दंड ठेवला नाही. कोल्हापूरच्या एक रुपयापासून येथवरचा हा प्रवास विचार करण्याजोगा आहे. याच कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली, म्हणजे पंतोजींच्या हातची छडी काढून घेतली. आणि सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे ठरविले. पंतोजींच्या काळी पालक धनी होता, सक्तीच्या काळी आरोपी झाला. आता कायद्याने त्याला भागीदार ठरविले आहे. प्रत्यक्षात तो कितपत भागीदार होतो, हे गावोगावच्या गुरुजींना आणि समित्यांना विचारावे.

जोतीरावांच्या त्या दुसऱ्या सूचनेचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. शिक्षकाला गावची कामे द्यावीत म्हणजे त्याचा मान वाढेल, असे त्यांना वाटले होते. कामे तर मिळाली, आणि भरघोस मिळाली. जनगणना, निवडणूक, याद्या, पाहण्या, मध्यान्ह भोजनाचे हिशेब अशा कामांचा ढीग इतका वाढला की २०१० पासून अमलात आलेल्या कायद्यात जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकास देऊ नयेत, असे कलम घालावे लागले. जोतीरावांचा हेतू निराळा होता. त्यांच्या मनातील काम गावाला शिक्षकाकडे यायला लावणारे होते. आज वरिष्ठ कचेरीसाठी करावयाच्या कामात शिक्षक गावापासून दूर जातो. पालक भेटायला येतो तेव्हा गुरुजी तक्ता भरीत असतात. रागावलेल्या पालकाला शांतपणे ऐकून घेण्यास जो अर्धा तास लागतो, तोच त्यांच्यापाशी उरत नाही. शिक्षक आणि पालक यांच्यातील अनेक भांडणांचे मूळ दोघांच्याही स्वभावात नसून या हरवलेल्या अर्ध्या तासात आहे.

या साऱ्या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. ज्या शिक्षकांनी अवघड पालकांना जिंकले, ते वेळ, जागा आणि रीत यांबाबत पुष्कळ वाकले. सावित्रीबाईंनी दुसरे लुगडे बरोबर घेतले, सप्र्यांनी लेखणीची भाषा बदलली, अनुताईंनी शाळा कुरणात नेली. परंतु मूल शिकलेच पाहिजे, आणि कोणतेही मूल त्यातून वगळायचे नाही, या मुद्द्यावर त्यांपैकी कोणीही वाकले नाही. याच्या उलट जेथे शिक्षण रीतीबाबत ताठर आणि हेतूबाबत सैल झाले, जेथे नियम पाळला गेला पण गैरहजर मुलाचे नाव हळूच पटावरून कमी झाले, तेथे शाळा हरली. विरोध करणारा पालक काय गमावतो आहे, त्याला कशाची भीती आहे, हे आधी शोधावे. मग त्याच्याशी काय बोलायचे ते आपोआप सुचते. हे शहाणपण शिक्षकी पेशात कोणी नव्याने शोधलेले नाही; ते पूर्वसूरींनी शेण आणि चिखल सोसून मिळविलेले आहे.

हे लिहिताना या मासिकाचा वाचकवर्ग डोळ्यांसमोर आहे. आपण बहुतेक अधिकारी आहोत, बदल्यांच्या चक्रात सापडलेले, आणि पालकही आहोत. आपल्या मुलांच्या नशिबी घरात मराठी, अंगणात हिंदी आणि वर्गात पुष्कळदा इंग्रजी येते. तीन-चार वर्षांनी शाळा बदलते, मित्र तुटतात, पुस्तके बदलतात. त्याचे भय आपल्या मनात असते, आणि ते गुणांच्या चौकशीच्या रूपाने शिक्षकापुढे बाहेर पडते. कोसबाडच्या वारली बापाचे भय आणि आपले भय यांचे रूप भिन्न असले, तरी मुलाच्या उद्याची काळजी दोन्हींत आहे. फरक इतकाच की त्याच्यापाशी अधिकाराचा आवाज नव्हता. आपल्यापाशी तो आहे, आणि कचेरीत कमावलेला तो आवाज शाळेच्या दारात खाली ठेवायला आपण विसरतो. शिक्षक तो ऐकतात, गप्प बसतात, आणि मुलाविषयी जे खरे सांगायचे होते ते सांगत नाहीत. यात तोटा होतो तो मुलाचा.

आपल्यापैकी काहींच्या हाती शाळांची देखरेखही असते. अशा अधिकाऱ्याने तपासणीला गेल्यावर हजेरीपट अवश्य पाहावा, पण त्याआधी गुरुजींना एवढे विचारावे: गेल्या महिन्यात आपण किती घरी जाऊ शकलात, आणि जाता आले नसेल तर कोणत्या कामाने अडविले? त्या उत्तराची नोंद घेऊन त्यातील एखादे काम जरी त्याने कमी केले, तरी शिवनाथेच्या काठच्या एखाद्या गावात एक मूल उद्या वर्गात दिसेल. १८८२ मध्ये एका शाळा काढणाऱ्या माणसाने सरकारला जे सांगून पाहिले, त्याला दिलेले ते उशिराचे का होईना, पण योग्य उत्तर ठरेल.